हातांत बसलेली चूक

पियानो शिकणाऱ्या मुलांच्या घरीं एक प्रसंग नेहमीं घडतो. आणि ज्या घरांत पियानो नाहीं तेथेंहि पेटीच्या किंवा सतारीच्या निमित्तानें तो ओळखीचा असेल. मूल तीन-चार महिने एकच रचना वाजवीत असतें. आरंभ बिनचूक होतो, मधला भाग घरांतल्या माणसांनाहि पाठ झालेला असतो, आणि मग एका ठराविक जागीं, काल जेथें घसरलें तेथेंच, बोट घसरतें. परवांहि तेथेंच घसरलें होतें. वडील मंडळींची आज्ञा ठरलेली असते : "पुन्हा पहिल्यापासून!" मूल पुन्हा पहिल्यापासून वाजवितें आणि त्याच जागीं येऊन अडखळतें. लक्ष नाहीं, मेहनत नाहीं, असा ठपका त्याच्यावर येतो. कित्येक मुलें या एका जागेपायीं वाद्याला कायमचा रामराम ठोकतात.

श्रोतेहो, हा ठपका बहुधा अन्यायाचा असतो, असें माझें मत आहे. जें मूल मेहनत करीत नाहीं त्याच्या चुका रोज निरनिराळ्या असतात. एकच चूक एकाच जागीं घट्ट बसावयाला मेहनतच लागते. पाटीवर अक्षर गिरविणाऱ्या मुलाला एकदां वांकडें वळण लागलें म्हणजे शंभर वेळां गिरवून तें सरळ होत नाहीं, उलट अधिक पक्कें होतें, हें शाळेंत ज्यांनीं खडू झिजविला आहे ते सर्व जाणतात. पियानोचें तसेंच आहे. हें वाद्य यूरोपांतलें, आणि तेथील गुरुजनांनीं या प्रश्नाशीं अडीचशें वर्षें झुंज घेतली. त्या झुंजीची हकीकत मोठी बोधप्रद आहे. कांहीं ठिकाणीं करुण, तर कांहीं ठिकाणीं हास्यास्पदहि आहे.

फ्लॉरेन्स येथें बार्टोलोमिओ क्रिस्तोफोरी या कारागिरानें १७०० च्या सुमारास तारांवर लहान हातोड्यांनीं आघात करणारें वाद्य सिद्ध केलें. तोच पियानोचा उगम. परंतु पट्ट्यांच्या वाद्यांची विद्या त्याहून जुनी होती, आणि त्या विद्येंत आंगठ्याला फारसें स्थान नव्हतें. थोर संगीतकार योहान सेबास्टिअन बाख यांचे चिरंजीव कार्ल फिलिप इमानुएल यांनीं १७५३ सालीं बर्लिन येथें पट्टीवाद्यें वाजविण्याच्या खऱ्या रीतीविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत ते सांगतात कीं, वडिलांनीं तरुणपणीं जे मोठमोठे वादक ऐकिले ते आंगठा केवळ लांबचा सूर गांठण्यापुरताच वापरीत. या ग्रंथाचा आरंभच बोटांच्या योजनेपासून आहे. कोणत्या सुरावर कोणतें बोट पडावयाचें हें आधीं ठरलें नसेल तर पुढची सर्व मेहनत फुकट जाते, हा त्याचा रोख. माझ्या समजुतीप्रमाणें आपल्या विषयांतलें हें पहिलें मोठें पाऊल. चूक ज्या सुरावर ऐकूं येते त्या सुरावर ती झालेलीच नसते. तीन-चार सूर मागें भलतेंच बोट पडलेलें असतें; त्यामुळें पुढें बोटें पुरत नाहींत आणि हात कोंडीत सांपडतो. ऐकणाऱ्याला कोंडी दिसते, पण कोंडीची वाट मागें फुटलेली असते.

यानंतरचा एक दाखला बेथोव्हेन यांचा आहे. त्यांचा पुतण्या कार्ल हा कार्ल चेर्नी यांच्याकडे पियानो शिकत असे. चेर्नी स्वतः बेथोव्हेनचेच शिष्य. १८१७ सालीं बेथोव्हेन यांनीं चेर्नींना पत्र लिहून पुतण्याला कसें शिकवावें तें कळविलें. बोटांची योजना बरोबर असावी, ताल व सूर बहुतेक ठीक असावेत, इतकी तयारी झाली म्हणजे मुलाला बारीकसारीक चुकांसाठीं मध्यें थांबवूं नये. रचना संपल्यावर त्या दाखवाव्या, असा त्याचा आशय आहे. स्वभावानें इतका तापट मनुष्य, पण शिक्षकाला सल्ला देतांना किती समंजस! या सल्ल्यांत आधीं बोटें, मग ताल-सूर आणि शेवटीं भाव असा क्रम आहे. हा क्रम सोडून केवळ 'थांबवूं नका' एवढेंच उचललें तर मात्र विद्यार्थी चुकीवरून सुसाट धांवत जावयाला शिकतो. आणि सुराच्या मागें सूर धांवत गेला कीं चूकहि त्या सांखळीची एक कडी होऊन बसते.

एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध हा यूरोपांत यंत्रांचा काळ. कापड यंत्रावर विणलें जातें, मग हातहि यंत्रांत घालून कां सुधारूं नये, असें कांहीं विद्वानांना वाटलें. योहान बेर्नहार्ड लोजिए यांनीं १८१४ सालीं 'कायरोप्लास्ट' नांवाच्या चौकटीचें पेटंट घेतलें. पियानोच्या पट्ट्यांपुढें ही चौकट बसवावयाची. तिच्यांत मनगटें आडव्या दांड्यांमध्यें अडकलेलीं आणि प्रत्येक बोटाला स्वतंत्र कप्पा. बोट चुकीच्या पट्टीवर जाणारच नाहीं, मग चूक कोठून होणार? लोजिए यांनीं डब्लिनमध्यें वर्ग उघडले, तेथें अनेक मुलें एकाच वेळीं अनेक पियानोंवर वाजवीत. काल्कब्रेनर या प्रख्यात वादकांनीं या कल्पनेचा पुरस्कार केला आणि पुढें स्वतःचीहि एक सुटसुटीत दांडी प्रचारांत आणिली. १८३१ सालीं तरुण शोपें पॅरिसला आले, तेव्हां तीन वर्षें आपल्याकडे शिकावें असें याच काल्कब्रेनरनीं त्यांना सुचविलें होतें. शोपेंनीं तें नाकारलें. नाकारलें म्हणूनच शोपें आपले शोपें राहिले, असें मला वाटल्यावांचून राहत नाहीं.

चौकटीचा दोष उघड होता. चौकट आहे तोंवर बोट चुकत नाहीं. चौकट काढली कीं बोटाला आपलें आपण जावयाचें असतें, आणि तें शिकविणारें त्यांत कांहींच नव्हतें. या यंत्रयुगाची सर्वांत शोचनीय कथा रोबर्ट शूमान यांची. लायप्झिग येथें फ्रीड्रिख वीक यांच्याकडे शिकत असतां त्यांच्या उजव्या हाताचें एक बोट निकामी होत गेलें, आणि १८३२ पर्यंत वादक होण्याची आशा त्यांना सोडावी लागली. बोट बळकट करण्यासाठीं त्यांनीं एक साधन वापरलें होतें, हें खरें. तेंच इजेचें कारण होतें कीं आणखी कांहीं, यावर अभ्यासकांत अद्याप एकमत नाहीं. परंतु जें बोट हट्टीपणा करतें त्यावर बळजबरी केली तर तें सुधारत नाहीं, एवढा धडा त्यांतून घेण्यास हरकत नाहीं.

याच काळांत आवर्तनांची गणना हा दुसरा उपाय निघाला. चेर्नी यांच्या एका प्रसिद्ध संग्रहांत रोजच्या सरावाचे ४० पाठ आहेत. त्यांत प्रत्येक तुकडा किती वेळां घोटावा याचा आंकडाच छापलेला आहे. शिस्तीच्या दृष्टीनें हें चांगलें. पण विसाव्या आवर्तनाला मन कोठें असतें? शोपें आपल्या शिष्यांना रोज तीन तासांहून अधिक वाजवूं नका म्हणत; यंत्रवत् घोटणें त्यांना अगदीं मान्य नव्हतें. शिकतांना मन हजर हवें, एवढ्यासाठीं ही मर्यादा.

पुढें एक नवीनच अडचण उभी राहिली. जाहीर मैफलींत पुढें कागद न ठेवतां वाजविण्याची चाल पूर्वी नव्हती. क्लारा वीक (पुढें शूमान यांच्या पत्नी झालेल्या) यांनीं १८३७ सालीं बर्लिनला बेथोव्हेनची एक मोठी रचना तोंडपाठ वाजविली, तेव्हां कांहींनीं त्यांस गर्विष्ठ ठरविलें. लिस्ट आणि क्लारा या दोघांच्या उदाहरणामुळें मात्र पुढील पिढींत तोच शिरस्ता झाला. त्याबरोबर चुकीचें भय दुणावलें. कागद समोर असतां डोळे बोटाला सांवरून घेतात. कागद गेला कीं सारा भार बोटांच्या संवयीवर येतो, आणि ती संवय आंधळी असते. ती पहिल्या सुरापासून सुरू करून दिली तर धांवते. मध्येंच तुटली तर कोठून जोडावी हें तिला ठाऊक नसतें. म्हणून तर मूल "पहिल्यापासून" जातें!

या ठिकाणीं आपल्याकडील वेदपाठकांची आठवण होते. संहितेबरोबर पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनीं तेच शब्द उलटसुलट गुंफून म्हणावयाचे, म्हणजे प्रत्येक शब्दाचा पुढच्या-मागच्याशीं असलेला सांधा स्वतंत्रपणें तपासला जातो. केवळ पहिल्यापासून शेवटापर्यंत म्हणणारा मनुष्य ओघांत एखादा शब्द गिळील. घनपाठ्याला तसें करतां येत नाहीं. पियानोच्या इतिहासांत ही दृष्टि पुष्कळ उशिरां आली.

ती आणणाऱ्यांत व्हिएन्ना येथील थेओडोर लेशेटित्स्की यांचें नांव अग्रगण्य. जन्म १८३०, मृत्यु १९१५. म्हणजे चेर्नींच्या शिष्यवर्गांतून आलेला हा गृहस्थ पहिल्या महायुद्धापर्यंत शिकवीत राहिला. त्यांची मुख्य शिकवण अशी : स्वरलिपींत उभ्या रेषांनीं जे खण पडतात, ज्यांना बार म्हणतात, त्यांतले एक-दोनच बार घ्यावे; वाद्यापासून दूर बसून ते पाहावे; डोळे मिटून ते मनांत ऐकावे; कोणता सूर, कोणतें बोट, हें स्वतःला सांगतां आलें तरच पट्टीला हात लावावा. त्यांच्याकडे १८८४ सालीं इग्नात्स पादेरेव्स्की हे पोलंडचे तरुण आले, तेव्हां त्यांचें वय चोविशीच्या आसपास. जाहीर वादन त्यांनीं तोंवर केलेलें होतें, पण हाताला लहानपणापासून अव्यवस्थित वळण लागलें होतें. फार उशीर झाला, असें गुरूंनीं त्यांना स्पष्ट सांगितलें आणि पुन्हा बोटांच्या प्राथमिक पाठांना बसविलें. चोविसाव्या वर्षीं, मैफली केलेल्या माणसानें, पोरासारखें पहिल्या पाठाला बसावयाचें! पादेरेव्स्की बसले. १८८८ सालीं पॅरिसला त्यांचें वादन झालें, पुढें सर्व जगांत त्यांचा डंका वाजला, आणि १९१९ सालीं ते स्वतंत्र पोलंडचे पंतप्रधानहि झाले. आपल्या आठवणींत हा शिकाऊपणाचा काळ त्यांनीं लपविलेला नाहीं. जुन्या चुकीवर नवा सराव चढविण्यापेक्षां पायापर्यंत खाली उतरणें हें किती अवघड आणि तरीहि किती शक्य आहे, याचें यापेक्षां चांगलें उदाहरण मला माहीत नाहीं.

विसाव्या शतकांत हीच दिशा अधिक स्पष्ट झाली. जर्मनींत कार्ल लाइमर आणि त्यांचे शिष्य वॉल्टर गीझकिंग यांनीं १९३१ सालीं पुस्तक लिहून रचना आधीं डोक्यांत संपूर्ण बसवावी आणि मगच हातांत घ्यावी, ही पद्धति मांडली. फ्रान्समध्यें आल्फ्रेड कॉर्तो यांनीं शोपेंच्या रचनांच्या आपल्या आवृत्तींत एक मार्मिक भेद केला : अवघड जागा घोटूं नका, त्या जागेंत जें अवघड आहे तें शोधून तेवढेंच घोटा. एखाद्या बारांत बारा सूर असतील. त्यांपैकीं अकरा हाताला येतात, आणि आंगठा तिसऱ्या बोटाखालून जातांना मनगट वळतें तेवढाच क्षण फसतो. बाराहि सूर शंभरदां वाजविले तर अकरांचा सराव वायां आणि बाराव्याच्या चुकीचा सराव शंभर वेळां! रशियन वादक राख्मानिनॉव्ह यांच्याविषयीं अब्राम चेसिन्स या अमेरिकन वादकानें लिहून ठेविलें आहे कीं, एकदां दाराबाहेर उभें राहून त्यांचा सराव ऐकला तर शोपेंची एक शीघ्र रचना इतकी संथ चालली होती कीं प्रथम ती ओळखूंच येईना. एका बाराला सुमारें २० सेकंद. जगांतील अत्यंत चपळ हातांपैकीं ते हात होते. संथ वाजविण्याचें मर्म हें कीं, त्या गतींत संवय आपोआप धांवूं शकत नाहीं. प्रत्येक सुराला मनाची परवानगी घ्यावी लागते.

आतां मानसशास्त्रज्ञांचा पक्ष ऐकूं. विल्यम जेम्स यांनीं १८९० सालच्या ग्रंथांत संवयीचें सामर्थ्य वर्णिलें, आणि आवृत्तीनें संवय बनते हें मत सर्वमान्य झालें. नाइट डनलॅप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला टंकलेखन करतांना इंग्रजी 'टी-एच-ई' या शब्दाचीं अक्षरें उलटीं, 'एच-टी-ई' अशीं, टंकण्याची खोड लागली होती. बरोबर शब्द घोटण्याऐवजीं त्यानें चुकीचाच शब्द जाणूनबुजून, 'हें चूक आहे' असें मनांत धरून, पुन्हा पुन्हा टंकला. आणि खोड गेली. यावरून त्यानें १९२८ पासून असें प्रतिपादिलें कीं, आवृत्ति स्वतः ना संवय जोडते ना तोडते. आवृत्तीच्या वेळीं मनाचा हेतु काय आहे त्यावर सारें अवलंबून. हा उपाय मुलांच्या हातीं सरसकट द्यावा असें मी म्हणणार नाहीं. औषध म्हणून घेतलेलें विष मात्रेनेंच घ्यावें लागतें. पण त्यांतली एक गोष्ट खरी : आपण नेमकें काय चुकतों हें ज्याला मुद्दाम करून दाखवितां येतें, तो त्या चुकीचा गुलाम राहत नाहीं. पुष्कळ विद्यार्थ्यांना चुकीचा सूर कोणता पडला हें विचारलें तर सांगतांहि येत नाहीं.

अलीकडच्या शोधांनीं या जुन्या अनुभवांना आधार मिळाला आहे. २००९ सालीं अमेरिकेंतील टेक्सस विद्यापीठांत रॉबर्ट ड्यूक व त्यांचे सहकारी यांनीं पियानोच्या १७ प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविच यांच्या एका रचनेंतला तीन बारांचा तुकडा शिकावयास दिला आणि दुसरे दिवशीं परीक्षा घेतली. कोणी किती वेळ घालविला, कितीदां वाजविला, याचा निकालाशीं संबंध दिसला नाहीं. जे पहिले तीन आले त्यांच्याहि आरंभीं चुका इतरांइतक्याच होत होत्या. फरक पुढें पडला. चूक होतांच तिची जागा व कारण तंतोतंत हेरणें, त्या जागेपाशीं गति कमी करणें आणि ती स्थिर होईपर्यंत तेथून न हलणें, यामुळें त्यांची चूक पुन्हा पुन्हा येत नव्हती. इतरांची येत राहिली.

त्याच वर्षीं जर्मनींत मेंदूच्या विद्युत्‌-लहरी टिपून केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, चुकीचा सूर वाजण्यापूर्वीं सेकंदाच्या सुमारें दहाव्या भागाइतकें आधींच वादकाच्या मेंदूंत त्याची चाहूल लागते, आणि तो सूर इतरांहून किंचित् हळू आवाजांत पडतो. म्हणजे हात चुकण्याआधीं मेंदूला कळलेलें असतें, फक्त परतावयाला सवड नसते. संथ वाजविण्यानें हीच सवड निर्माण होते. इमानुएल बाखनीं चुकीचें मूळ मागें शोधलें तें किती योग्य होतें!

आणखी एक गोष्ट शास्त्रज्ञ सांगतात, ती पालकांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. नवें वळण लागल्यानें जुनें पुसलें जात नाहीं. तें खालीं दबून राहतें. म्हणून घरीं महिनाभर बिनचूक वाजविलेली रचना परीक्षकांपुढें बसतांच जुन्याच जागीं घसरते. मुंबईंतील पारशी आणि गोमंतकीय घरांतून लंडनच्या संगीत-परीक्षांना बसणारीं मुलें पिढ्यान् पिढ्या होत आलीं आहेत. अशा वेळीं घरच्यांची निराशा होते आणि मूल खोटें पाडलें जातें. पण हा मुलाचा अप्रामाणिकपणा नव्हे, भयानें जुनी वाट उघडली इतकेंच. त्यावर उपाय असा कीं नवी वाट जुनीपासून शक्य तितकी वेगळी करावी. त्या जागेवर बोटांची योजनाच बदलावी आणि कागदावर पेन्सिलीनें आंकडे मांडावे. चुकीच्या दोन बार आधींपासून सुरू करून एक बार पुढें थांबावें, रचनेच्या आरंभापासून कधीं नाहीं. दोन्ही हात वेगळे वाजवावे. डाव्या हातांत कांहीं ठरलेलें नसतें म्हणून उजवा चुकतो, असें कितीदां आढळतें. मग रचनेच्या कोणत्याहि बारापासून आरंभ करतां येतो कीं नाहीं हें पाहावें.

आणि रात्रीं झोंपावें. हें थट्टेनें सांगत नाहीं. २००२ सालीं अमेरिकेंत झालेल्या प्रयोगांत बोटांनीं ठराविक क्रमानें कळा दाबावयास शिकलेल्या माणसांचें काम, मध्यें एकदांहि सराव न करतां, केवळ रात्रीच्या झोंपेनंतर सुधारलेलें आढळलें. तितकेच तास जागे राहणाऱ्यांचें सुधारलें नाहीं. म्हणून खरी परीक्षा सायंकाळच्या विसाव्या आवर्तनाला नाहीं, दुसऱ्या दिवशीं सकाळीं थंड हातानें केलेल्या पहिल्या प्रयत्नाला आहे. तो बरोबर आला तर जागा सुधारली असें समजावें. न आला तर गति आणखी उतरवावी आणि घरच्यांनीं त्या वेळीं शेजारच्या खोलींत कांहीं काम काढावें.

बिनचूकपणाचें वेड मात्र इतिहासाला धरून नाहीं. आर्तुर श्नाबेल यांनीं १९३२ ते १९३५ या वर्षांत लंडनला बेथोव्हेनच्या बत्तीस सोनाटा ध्वनिमुद्रित केल्या. त्या काळीं फीत कापून जोडण्याची सोय नव्हती, त्यामुळें घसरलेले सूर तसेच राहिले. अवघड जागेंतलें अवघड काय तें शोधावयास सांगणारे कॉर्तो यांच्याहि तबकड्यांत चुकीचे सूर स्पष्ट ऐकूं येतात. दोघांचीं ध्वनिमुद्रणें आजहि विकत मिळतात, आणि पियानोचे विद्यार्थी तीं पुन्हा पुन्हा ऐकतात.